‘मेमरी’च्या गोळ्या, कानातली कुईं आणि बोटांच्या मुंग्या

प्रश्न थोडक्यात असा आहे. सांगलीतल्या विश्रामबागेतल्या अभ्यासिकेत राज्यसेवेची तयारी करणारा तरुण. सकाळी एक आणि रात्री नऊला एक अशा कॅफिनच्या २०० मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या घेतो. सोबत ‘मेमरी’ची कॅप्सूल, तिच्यात ब्राह्मी, अश्वगंधा, जिन्कगो आणि बी-६. संध्याकाळी जिमला जाण्याआधी पाण्यात ढवळून प्यायची पावडर. सगळं ऑनलाइन मागवलेलं. तीनेक आठवड्यांपासून रात्री अंथरुणावर पडलं की कानात ‘कुईं’ वाजतं, शेजारच्यानं पान उलटलं तरी डोक्यात जातं, रंग पूर्वीपेक्षा गडद वाटतात आणि बोटांना मुंग्या येतात. आवाज सहन होत नाही म्हणून दिवसभर कानात फोमचे बोळे घालून बसतो. त्याला विचारायचंय की गोळ्यांनी कान बिघडला, की ज्ञानेंद्रियं तल्लख झाल्याची ही खूण आहे? जाता जाता त्यानं असंही लिहिलंय की वडिलांच्या कानातही आवाज येतो म्हणून तीच कॅप्सूल तो त्यांनाही देतोय, आणि वडिलांची गेल्या वर्षी अँजिओप्लास्टी झाली आहे.

वडिलांपासूनच सुरुवात करतो, कारण ते थांबण्यासारखं नाही. त्यांची कॅप्सूल आजच बंद करा. अँजिओप्लास्टीनंतर रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या चालू असतात, बहुतेक वेळा ॲस्पिरिन आणि जोडीला क्लोपिडोग्रेल किंवा त्याच जातीचं काहीतरी. जिन्कगोही प्लेटलेटच्या चिकटण्यात ढवळाढवळ करू शकतं, आणि अशा गोळ्यांसोबत ते घेतलेल्यांमध्ये रक्तस्राव झाल्याच्या नोंदी आहेत. म्हणून दोन्ही एकत्र द्यायचं नाही. पण उलट बाजूनंही घोळ घालू नका. ‘ॲस्पिरिननं कान वाजतात’ असं कुठंतरी वाचायचं आणि हृदयाची गोळी परस्पर बंद करायची, असे लोक आमच्याकडे येतात. ॲस्पिरिननं कान वाजतात हे खरं आहे, पण दिवसाला काही ग्रॅम पोटात गेलं तर, पूर्वी संधिवाताला देत तसं. तुमच्या वडिलांना असते त्या ७५ मिलिग्रॅमच्या गोळीनं सहसा तसं होत नाही. स्टेंट बसवलेल्या माणसानं ती गोळी मनानं सोडणं जिवावर बेतू शकतं.

बरं, ज्यासाठी जिन्कगो देताय ते तरी त्यातून साधतं का? ब्रिटनमध्ये कानात आवाज येणाऱ्या हजाराहून जास्त लोकांवर याची चाचणी झाली आणि २००१ साली तिचे निष्कर्ष छापून आले. रोज ५० मिलिग्रॅम तीन वेळा, बारा आठवडे. खोटी गोळी घेणारे आणि खरी घेणारे यांच्यात फरक निघाला नाही. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेनं २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट लिहिलंय की कानातल्या आवाजासाठी जिन्कगो, मेलाटोनिन, झिंक यांची शिफारस करू नये. स्मरणशक्तीचं म्हणाल तर ७५ वर्षांवरच्या ३,०६९ लोकांना काही वर्षं जिन्कगो देऊन पाहिलं, विस्मृतीचा आजार टळला नाही. ते २००८ सालीच कळलं होतं. बाटलीवरचं पान मात्र तेवढंच हिरवंगार आहे.

वडिलांच्या कानाची ऑडिओमेट्री, म्हणजे कुठल्या पट्टीतलं किती ऐकू येतं याची तपासणी, करून घ्या. त्या वयात कान वाजतात तेव्हा बहुतेकदा वरच्या पट्टीतलं ऐकू येणं कमी झालेलं असतं आणि श्रवणयंत्र लावल्यावर आवाजाचा त्रासही उतरतो. यंत्राला घरचे लोक नको म्हणतात आणि गोळीला हो म्हणतात, हा आपल्याकडचा जुना रोग.

आता तुमचं. तुमचा कान गोळ्यांनी बिघडला असण्याची शक्यता कमी वाटते. तल्लख झाला असण्याची त्याहून कमी. तक्रारी चार असल्या तरी मला त्यांच्यामागे बोळे, तुटलेली झोप आणि जिमची पावडर असे तीन वेगवेगळे उद्योग दिसतात. ब्राह्मीचा यात फारसा हात नाही. तिनं झालं तर पोट बिघडतं, मळमळतं, कान नाही वाजत.

आधी कानाचं काम कसं चालतं ते बघू, म्हणजे कुठली गोळी कुठं पोहोचू शकते हे कळेल. प्रत्येक कानाच्या शंखात केसासारखे तंतू असलेल्या पेशींच्या ओळी असतात. आतल्या ओळीत साधारण साडेतीन हजार पेशी, त्या आवाज मेंदूकडे पाठवतात. बाहेरच्या तीन ओळींत मिळून बारा हजारांच्या आसपास, त्या आवाजाबरोबर लांब-आखूड होतात आणि बारीक आवाज मोठा करून देतात. जास्त मात्रेतलं ॲस्पिरिन या बाहेरच्या पेशींची हालचाल तात्पुरती रोखतं, म्हणून ऐकू कमी येतं आणि कान वाजतो. औषध थांबवलं की कान पूर्वपदावर येतो. जेंटामायसिन, अमिकासिन ही इंजेक्शनं किंवा कर्करोगावरचं सिस्प्लाटिन या पेशी मारू शकतात. मेलेली पेशी माणसाच्या कानात पुन्हा उगवत नाही. म्हणजे औषध कानाला खाली ओढू शकतं. निरोगी कानाला त्याच्या मूळ कुवतीच्या वर नेणारं चूर्ण, कॅप्सूल, सिरप अजून कुणी बनवलेलं नाही, पाकिटावर काही का लिहिलेलं असेना.

मग ‘मला जास्त ऐकू येतंय’ असं लोकांना खरोखर वाटतं, त्याचं काय? मिरजेत तंतुवाद्यं बनवणारे एक कारागीर माझ्याकडे येतात. तंबोऱ्याची जवारी काढण्यात हात बसलेला. घोडीचा, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीचा, माथा कानशीनं घासत जायचं, तारेखाली सुताचा दोरा सरकवायचा आणि तो भरलेला झणकार सापडला की थांबायचं. मुलानं परदेशातून जिन्कगोची बाटली पाठवली, ती काही महिने घेतल्यावर त्यांना स्वर जास्त स्वच्छ कळायला लागले. त्यांच्या ऑडिओमेट्रीचा जुना आलेख माझ्याकडे होता, म्हणून पुन्हा आवाजबंद खोलीत बसवून हेडफोन लावले. आलेख जुन्यावर ठेवला तर रेघ रेघेवर बसली. १००० हर्ट्झपर्यंत उत्तम, ४००० ला ४५ डेसिबलवर घसरलेला, ८००० ला ६० (आकडा जितका मोठा तितकं ऐकू कमी). बाटलीनं त्यात काडीचा फरक पडला नव्हता. पण गोळी घेतो आहोत म्हटल्यावर ते कान देऊन ऐकत होते, आणि कान देऊन ऐकलं की कुणालाही जास्त ऐकू येतं. दुसरीकडे पुण्याचं एक गिऱ्हाईक तंबोरा परत घेऊन आलं, ‘जवारी फारच खुली झालीय’ म्हणून. ते खरं होतं. वरचे स्वरांश स्वतःच्या कानाला ऐकू येईपर्यंत ते घोडी घासत राहायचे, आणि त्यांना ऐकू यायला लागेपर्यंत इतरांसाठी ते जास्त झालेलं असायचं. आता शेवटचा हात पुतण्या मारतो आणि ते नुसते बघतात. कान कमी झालाय हे मान्य करणं त्यांना जड गेलं, पण तंबोऱ्याची तक्रार परत आली नाही.

ऐकू येण्याची पातळी आणि ऐकण्याकडचं लक्ष या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. उत्तेजक गोळ्या हात घालतात तो दुसऱ्या गोष्टीला.

तुमच्या बोळ्यांकडे येतो, कारण मला खरा गुन्हेगार तिथे दिसतो. रेडिओवर लांबचं स्टेशन नीट लागत नसलं की आपण आवाज वाढवतो आणि मग गाण्याबरोबर खरखरही वाढते. मेंदू नेमकं तेच करतो. कानातून येणारं कमी झालं की तो आपली ऐकण्याची पातळी आतून वर नेतो, मग स्वतःच्या मज्जातंतूंची नेहमीची कुजबुजसुद्धा आवाज म्हणून जाणवायला लागते. हा नुसता तर्क नाही. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात चांगलं ऐकू येणाऱ्या १८ जणांना एका कानात सात दिवस बोळा घालून ठेवायला सांगितलं होतं. त्यातल्या बहुतेकांना कानात आवाज यायला लागले आणि बोळा काढल्यावर ते गेले. त्याआधी २००३ मध्ये असंही दिसलं होतं की काही दिवस बोळे घालून राहणाऱ्यांना साधे आवाज जास्त मोठे वाटू लागतात, आणि उलट ज्यांच्या कानात मंद खळखळ सतत चालू ठेवली त्यांना कमी. तुमचं पान उलटण्याच्या आवाजानं चिडणं आणि रात्रीची कुईं, दोन्ही यात बसतात. आवाज सहन होत नाही म्हणून बोळा, बोळ्यामुळे आवाज आणखी सहन होत नाही. हे चक्र तुम्ही स्वतःच फिरवताय.

शिवाय रात्रीची शांतता. १९५३ मध्ये हेलर आणि बर्गमन या दोघांनी कानाची काही तक्रार नसलेल्या ८० जणांना आवाजबंद खोलीत बसवून काय ऐकू येतं ते विचारलं. ९४ टक्क्यांनी काही ना काही सांगितलं, गुणगुण, शिट्टी, किरकिर. म्हणजे पुरेशा शांततेत जवळजवळ प्रत्येकाचा कान वाजतो, आपण तिकडे बघत नाही एवढंच. बघायला लागलो की तो जागचा हलत नाही, आणि परीक्षेच्या काळजीत असलेला माणूस बघायला फार तयार असतो.

तर बोळे काढा. एकदम नको वाटलं तर रोज तासाभरानं कमी करा. अभ्यासिकेत पंख्याच्या जवळची जागा धरा. रात्री उशाला मोबाइलवर पावसाचा किंवा पाण्याचा आवाज ठेवा, पण कुईं पूर्ण झाकेल इतका मोठा नको, तिच्या जरा खालीच. इअरफोन कानात खुपसून नाही, खोलीत मोकळा.

इअरफोनचं निघालंच आहे तर एक विचारतो. लेक्चर किती आवाजात ऐकता? जागतिक आरोग्य संघटनेचा हिशोब ८० डेसिबलला आठवड्याला ४० तासांचा आहे. तीन डेसिबल वाढले की वेळ निम्मी. फोनचा आवाज पूर्ण वर केला तर कित्येक इअरफोन १०० डेसिबलच्या आसपास जातात, तिथे अमेरिकेतल्या कामगार-आरोग्याच्या हिशोबानं दिवसाला १५ मिनिटं पुरे. आणि तीन आठवड्यांमागं कुठल्या वरातीत, मिरवणुकीत स्पीकरच्या भिंतीशेजारी नाचला होतात का, तेही आठवा. मिरजेच्या विसर्जन मिरवणुकीनंतरच्या आठवड्यात माझ्या दारात कानाला दडे बसलेली, कान वाजणारी पोरं उभी असतात. त्यातल्या कित्येकांना मिरवणूक आठवत नाही, आदल्या दिवशी घेतलेली कसलीतरी गोळी आठवते.

कॅफिन. त्याच्यावर माझा जेवढा राग असायला हवा असं लोकांना वाटतं, तेवढा नाही. पूर्वी कान वाजतो म्हटलं की चहा-कॉफी बंद, असा आमच्या क्षेत्रातला ठरीव सल्ला होता. अमेरिकेतल्या ६५ हजारांवर परिचारिकांची माहिती वर्षानुवर्षं जमवून २०१४ मध्ये जे आलं ते उलटंच होतं, जास्त कॅफिन घेणाऱ्यांत कान वाजण्याचं प्रमाण थोडं कमी. यावरून कॉफी हे औषध ठरत नाही, पण आरोप मात्र ढिला पडतो. २०१० मध्ये लोकांना कॅफिन पूर्ण सोडायला लावूनही पाहिलं, कानातला आवाज कमी झाला नाही, वर डोकेदुखी आणि मळमळ झाली.

तुमची अडचण कॅफिनच्या मात्रेत आणि वेळेत आहे. हिशोब करू. गोळ्यांचे ४००. अभ्यासिकेखालच्या टपरीवरचे तीन-चार चहा, कटिंग धरले तरी शंभरच्या पुढे. जिमच्या पावडरीच्या डब्यावर बारीक अक्षरात बघा, एका मापात दीडशे-दोनशे मिलिग्रॅम कॅफिन सर्रास असतं. बेरीज सहाशे-सातशेवर गेली. निरोगी मोठ्या माणसाला दिवसाला ४०० पर्यंत चालतं असं युरोप आणि अमेरिका दोन्हीकडच्या अन्न-सुरक्षा संस्था सांगतात. वेळेचं आणखी वाईट. कॅफिन शरीरातून निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात. रात्री नऊची २०० ची गोळी पहाटे दोनला १०० उरलेली असते. म्हणजे पहाटे दोनला कुणीतरी तुम्हाला कडक कॉफी पाजल्यासारखं आहे. २०१३ च्या एका अभ्यासात झोपण्याच्या सहा तास आधी ४०० मिलिग्रॅम घेतलेल्यांची झोप तासाभराहून अधिक घटली होती. झोप तुटली की दुसऱ्या दिवशी आवाज टोचतात, उजेड टोचतो, माणूस किरकिरा होतो, आणि मग त्यावर उतारा म्हणून आणखी एक गोळी.

एका झटक्यात मात्र बंद करू नका. डोकं असं ठणकेल की ‘गोळ्यांशिवाय मेंदूच चालत नाही’ अशी तुमची समजूत होईल. आधी रात्रीची गोळी सोडा, तिथंच निम्मं काम होतं. मग आठवड्याभरात सकाळची अर्धी. दुपारी तीननंतर काही नाही, चहासुद्धा नाही. चहाचं जमणार नाही हे मला माहीत आहे, निदान पाचनंतर तरी नको.

मुंग्या. इथे वेळ बघायची, अर्धं निदान तिथंच होतं. पावडर प्यायल्यावर पंधरा-वीस मिनिटांत चेहरा, कानाच्या पाळ्या, हाताची बोटं चुरचुरली आणि तासा-दीड तासात गेली, तर ती बीटा-ॲलानिनची करामत आहे. जिमच्या बहुतेक पावडरींत ते असतं, त्वचेतले मज्जातंतू त्यानं चाळवतात. घाबरण्यासारखं काही नाही. चेहरा लाल होऊन अंग गरम वाटलं तर नियासिन, म्हणजे बी-३. त्यानं रक्तवाहिन्या पसरतात. या दोन्हींत पोरांना ‘औषध लागू पडतंय’ असं वाटतं आणि बनवणाऱ्यालाही तेच हवं असतं.

मुंग्या दिवसभर राहत असतील, पायाच्या बोटांपासून वर चढत असतील, अंधारात चालताना तोल जात असेल, तर ती गंभीर बाब आहे. बी-६ हे पाण्यात विरघळणारं जीवनसत्त्व, जास्त झालं तर लघवीवाटे जातं, असं आपण शाळेत शिकतो. पण बी-६ महिनोन् महिने जास्त मात्रेत घेतलं तर संवेदनेचे मज्जातंतूच खराब होतात. युरोपच्या अन्न-सुरक्षा संस्थेनं २०२३ मध्ये मोठ्या माणसासाठीची वरची मर्यादा दिवसाला १२ मिलिग्रॅमवर आणली. अमेरिकेची मर्यादा अजून १०० आहे. तुमच्या कॅप्सूलवर आकडा बघा, आणि पावडरीत, मल्टिव्हिटॅमिनमध्ये, दंडाला मुंग्या येतात म्हणून मेडिकलवाल्यानं दिलेल्या ‘नसांच्या गोळी’त पुन्हा तेच आहे का तेही बघा. मुंग्यांवर घेतलेली गोळीच मुंग्या आणते, असा हा विचित्र फेरा आहे. तीन आठवड्यांत हे होणं अवघड, म्हणून तुमच्यासाठी माझा संशय पावडरीवर. तुम्ही शाकाहारी असाल तर मात्र बी-१२ ची रक्ततपासणी करा. आपल्याकडे त्याची कमतरता घरोघरी सापडते, मुंग्या, जिभेची आग, विसराळूपणा हे सगळं तिच्यानं होतं. आणि ‘मेमरी’च्या महागड्या बाटलीपेक्षा ते इंजेक्शन स्वस्त पडतं.

रंग गडद दिसण्यावर फार वेळ घालवत नाही. उत्तेजक पदार्थांनी डोळ्याची बाहुली थोडी मोठी होते, डोळ्यात उजेड जास्त शिरतो, आणि जागरणानं तो खुपतो. स्मरणशक्तीसाठी म्हणून पिरासिटाम नावाचं औषध घेणारेही ‘रंग उजळले, गाणं स्वच्छ ऐकू आलं’ असं सांगतात. बेल्जियमच्या यूसीबी कंपनीत १९६४ मध्ये ते प्रथम तयार झालं आणि या जातीच्या औषधांची सगळी टूम तिथून निघाली. कारागिरांच्या आलेखाचं जे सांगितलं तेच इथंही लागू. रंगाला निळी झाक मात्र आली तर मला कळवा. सिल्डेनाफिल, म्हणजे व्हायग्रातलं औषध, डोळ्याच्या पडद्यातल्या एका वितंचकाला (एन्झाइमला) अडवतं म्हणून जग निळसर दिसतं, आणि त्याच औषधाबाबत अचानक बहिरेपण आल्याच्या नोंदींमुळे अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २००७ मध्ये पाकिटावर इशारा छापायला लावला. ‘वनौषधी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या ताकदीच्या पावडरींत हे औषध न सांगता घातलेलं वारंवार सापडलंय. तुमच्या जिममधल्या दोस्तानं कागदी पुडीतून काही दिलं असेल तर ते आधी टाकून द्या.

नाक आणि जीभ वाचवायची तर नाकात झिंकचा स्प्रे मारू नका. सर्दीवर म्हणून तो अमेरिकेत विकला जायचा, लोकांचा वास गेल्याच्या तक्रारी आल्या आणि २००९ मध्ये तिथल्या औषध प्रशासनानं वापरू नका म्हणून सांगितलं. झिंकच्या गोळ्या जास्त दिवस जास्त मात्रेत घेतल्या तर शरीरातलं तांबं कमी होतं आणि पुन्हा मुंग्या, पुन्हा तोल जाणं.

अश्वगंधाबद्दल लोकांना राग येईल असं बोलतो. ते थायरॉइडचं संप्रेरक वाढवू शकतं. ज्याला आधीच थायरॉइड जास्त आहे किंवा जो त्याची गोळी घेतो त्याला छातीत धडधड, हाताला कंप, आणि कानात नाडीच्या ठेक्यावर धक-धक ऐकू येऊ शकतं. तुमची कुईं सलग आहे, म्हणून हे तुमचं वाटत नाही. यकृताला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत, आणि डेन्मार्कनं २०२३ मध्ये त्यावर बंदी घातली. हळदीच्या कॅप्सूलचंही तसंच. सांगलीत बसून हळदीविरुद्ध बोलणं म्हणजे मार्केट यार्डातून चालताना मान खाली घालणं आलं, शिवाय २०१८ पासून आपल्या हळदीला भौगोलिक मानांकन आहे. पण आमटीतली चिमूट वेगळी. ज्याच्यासाठी कॅप्सूल घेतात ते करक्युमिन हळदीत तीन-चार टक्के, तेही पचत नाही म्हणून कॅप्सूलमध्ये मिऱ्यातलं पायपरिन घालतात. पायपरिन करक्युमिनबरोबर दुसरी औषधंही रक्तात वाढवतं, फिट्सवरचं फेनिटॉइन त्यातलं एक. फेनिटॉइन वाढलं की डोळे भिरभिरतात, तोल जातो, आणि पेशंट चक्कर येते म्हणून कानाच्या डॉक्टरकडे येतो. असल्या वेळी कानात काहीच सापडत नाही.

भस्म आणि रसकल्पांचं, म्हणजे धातू आणि पारा वापरून केलेल्या आयुर्वेदिक औषधांचं, एकच सांगतो. बॉस्टनच्या परिसरात दुकानांतून घेतलेली ७० आयुर्वेदिक उत्पादनं तपासली तेव्हा दर पाचातल्या एकात शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं होतं. ही २००४ ची गोष्ट. पाऱ्यानं माणसाचं काय होतं ते जपानच्या मिनामाटा गावात जगानं पाहिलंय. दृष्टीचा घेर आक्रसला, कान गेले, हातापायांची संवेदना गेली. नोंदणीकृत वैद्यांनी दिलेलं औषध आणि ‘स्मृतिवर्धक सुवर्णयुक्त’ असं लिहिलेली ऑनलाइन पुडी एका तराजूत घालू नका. ‘औषधी वापरासाठी नाही’ ही ओळ नियमानुसार हेल्थ सप्लिमेंटवर असावी लागते. तुमच्या बाटलीवर ती शोधा, आणि तिच्या शेजारी ‘मेमरी’चं आश्वासन किती मोठ्या टायपात आहे तेही बघा.

आता करायचं काय. दोन आठवडे सगळं थांबवा, कॅफिन वर सांगितलं तसं उतरवत. एकेक बंद करत बसलात तर परीक्षा येईल. या काळात बोळे नाहीत, रात्री बारानंतर अभ्यास नाही. एवढ्यानं कुईं कमी झाली नाही तर कान दाखवा. आधी दुर्बिणीनं कानात बघतील. फोमचे बोळे रोज खुपसणाऱ्यांचा मळ आत ढकलला जाऊन पडद्यावर चिकटतो, आणि नुसता मळ काढल्यावर तक्रार संपलेली पोरं मी खूप पाहिली. मग ५१२ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क, मग ऑडिओमेट्री २५० पासून ८००० हर्ट्झपर्यंत. ४००० ला खड्डा दिसला तर मोठ्या आवाजाचा संशय घट्ट होतो, गोळ्यांचा नाही. खासगीत परवडत नसेल तर वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालयात केसपेपर काढा, सकाळी लवकर जा.

काही गोष्टींना दोन आठवडे थांबायचं नाही. एका कानानं अचानक, दोन-तीन दिवसांत किंवा सकाळी उठल्या उठल्या ऐकू कमी आलं, तर तो कानातला मळ समजून तेल ओतू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. शिरेचं, म्हणजे आतल्या कानाचं किंवा त्याच्या मज्जातंतूचं, अचानक बहिरेपण असेल तर स्टेरॉइड जितक्या लवकर सुरू होईल तितकी आशा, आणि दोन आठवडे उलटून गेल्यावर फारसं हाती लागत नाही. असे पेशंट बी-कॉम्प्लेक्सची आणि ‘नसांच्या ताकदीची’ पाकिटं संपवून मग येतात. आवाज एकाच कानात असणं, तो नाडीबरोबर ठोके देणं, सोबत गरगरणं किंवा चेहऱ्याची एक बाजू लुळी पडणं, यांतलं काहीही असलं तरी तसंच, वाट बघायची नाही.

येताना सगळ्या बाटल्या, पावडरीचा डबा आणि पाकिटं एका पिशवीत घालून आणा. नावं सांगू नका, लेबलं दाखवा. ‘ते आयुर्वेदिक आहे, त्याचं काय सांगायचं’ म्हणून घरी राहिलेली बाटलीच बहुतेकदा मला बघायची असते. वडिलांनाही सोबत आणा, त्यांच्या हृदयाच्या गोळ्यांच्या चिठ्ठीसकट.